अंजनीच्या पानावरचे हिरवे ठिपके

सप्टेंबरचा तिसरा आठवडा आम्ही ठरवून निवडला होता. जुलैमध्ये सह्याद्री पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा असतो, पण लिव्हरवर्ट या मॉससारख्या इवल्या वनस्पतीची जात ओळखायची तर नुसत्या हिरव्या रंगावर भागत नाही. बीजाणू पिकलेले लागतात. ऑक्टोबर सरत आला की उघड्या सड्यावरच्या जाती वाळून मातीला चिकटलेला पापुद्रा होऊन बसतात. मधे जेमतेम तीन-चार आठवडे हाती लागतात. त्यातले सहा दिवस मॅडमनी या दौऱ्यासाठी राखून ठेवले होते. संकलनाची परवानगी वनखात्याकडून जूनमध्येच आली होती.

लिव्हरवर्टचं पुस्तकी मराठी नाव यकृतका. मॉस म्हणजे हरिता, हॉर्नवर्ट म्हणजे शृंगका आणि ही तिसरी. तिघींना मिळून शेवाळी म्हणतात. रानातून जाणारा माणूस सगळ्यांनाच शेवाळ म्हणतो आणि पाय घसरू नये म्हणून त्यांच्याकडे बघतो. यांना फूल नाही, बी नाही, खरी मुळं नाहीत. लिव्हरवर्टला तर मॉससारखी पर्णरंध्रंही नाहीत. जगात यांच्या सात हजारांहून जास्त जाती आहेत, भारतात नऊशेच्या आसपास. महाबळेश्वरच्या दक्षिणेला कोयनेच्या वरच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगरांत त्यातल्या किती सापडतात, याची यादी करायला आम्ही निघालो होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बातम्यांमध्ये तिची हमखास गल्लत होते. 'नवी जात' वेगळी आणि 'नवी नोंद' वेगळी. नव्या जातीला अजून कुणी नावच दिलेलं नसतं. नवी नोंद म्हणजे जात दुसरीकडून माहीत आहे, पण या मुलखातून तिचा एकही नमुना कुणी जपून ठेवलेला नाही. आम्ही शोधत होतो त्या नोंदी. मला विचाराल तर हे काम कमी मोलाचं नाही. कुठलं झाड कुठे आहे हेच माहीत नसेल, तर ते तिथून नाहीसं झालं हे कोणाला कळणार?

दिवस पहिला

सकाळी सड्यावर. जांभ्या दगडाचं पठार, उंची १२०० मीटरच्या आसपास. दगडाच्या खळग्यांत बोटभर माती आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर. उभं राहून पाहिलं तर तेरडा आणि सीतेची आसवं दिसतात. लिव्हरवर्टसाठी गुडघे टेकावे लागतात, मग कोपरं, आणि शेवटी गालच जमिनीला लावावा लागतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. वस्तू हलणारी नसेल तर आपणच तिच्याजवळ जायचं. नवशिक्या मुलांना पहिले दोन दिवस हेच जमत नाही. भिंग हातभर लांब धरतात आणि 'काहीच दिसत नाही' म्हणतात.

खळग्याच्या कडेला रिक्सिया या लिव्हरवर्टची चकती दिसली. नाण्याएवढी, मधून बाहेर पसरत जाणारी. प्रत्येक फीत टोकाला दुभंगते, त्या दोन्ही पुन्हा दुभंगतात आणि शेवटी पूर्ण वर्तुळ होतं. कडांना जांभळी झाक होती. मी जरा हरखलेच, कारण नेहमी दिसणाऱ्या रिक्सियापेक्षा ही झाक मला गडद वाटली. मॅडम वाकल्या, पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बीजाणू बघितल्याशिवाय रिक्सियावर बोलायचं नाही."

रिक्सियाचं असंच आहे. बाकीच्या बहुतेक लिव्हरवर्ट बीजाणूंची डबी देठावर उंच धरतात, ती फुटते आणि आतले स्प्रिंगसारखे तंतू पीळ घेत बीजाणू उधळतात. रिक्सियाकडे देठ नाही आणि तंतूही नाहीत. तिचे बीजाणू फितीच्या आतच काळ्या ठिपक्यांसारखे पिकतात आणि अंग कुजून गेलं की मोकळे होतात. त्या बीजाणूंच्या पाठीवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. जाळीची घरं किती, काठ किती रुंद, कोपऱ्यांना टोकं आहेत की नाहीत, यावर जात ठरते. वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन चकत्या आतून दोन वेगळ्या जाती असू शकतात.

सुरीच्या टोकाने चकतीचा एक तुकडा मातीसकट उचलला, उरलेली जागच्या जागी राहू दिली. कागदाची घडी घालून पाकीट केलं आणि त्यावर क्रमांक, तारीख, उंची, दगड कुठला, ऊन किती, पाणी वाहतं की साचलेलं हे सगळं पेन्सिलीने लिहिलं. पेन्सिलच लागते, शाई पावसात पसरते. दुपारपर्यंत एकोणीस पाकिटं झाली. त्यात एक हॉर्नवर्टही होती. तिच्या हिरव्या शिंगाची टोकं दुभंगायला लागली होती.

संध्याकाळी विश्रामगृहातल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. रिक्सियाचा ब्लेडने काप घेतला, बीजाणू पाण्याच्या थेंबात पसरले. जाळी स्वच्छ दिसली. मी घरं मोजली, चित्र काढलं आणि किल्ली, म्हणजे एकेक प्रश्न विचारत जातीपर्यंत नेणारी यादी, उघडून एकेक पायरी उतरत गेले. उत्तर आलं रिक्सिया बिलार्डिएरी, भारतभर सापडणारी. जांभळी झाक तिला असतेच. मला वाईट वाटलं हे लपवत नाही. मॅडमनी मात्र ती नोंद तितक्याच काळजीने वहीत उतरवली. म्हणाल्या, "सामान्य जातीही यादीत लागतातच. नाहीतर ती यादी नसते, नवलांचं कपाट होतं."

दिवस दुसरा

वाटाड्या मामा पहाटेच आले. वय साठीच्या पुढे, रानाची वाट अशी चालतात की फांदीसुद्धा हलत नाही. त्यांना आम्ही घळीत घेऊन चला म्हटलं. पाऊस संपल्यावरही जिथे पाणी राहतं अशी घळ हवी होती. मामा थोडा वेळ विचार करत उभे राहिले, मग म्हणाले, "उन्हाळ्यातबी झिरपती अशी एकच हाय. पण उतार वाईट हाय, ताई."

उतार खरंच वाईट होता. वर जांभूळ, अंजनी, पिसा यांचं दाट रान, खाली काळा पाषाण, आणि पायमोज्यांतून आत शिरणाऱ्या जळवा. पण या घळीत आलो ते बरोबर होतं. पश्चिम घाट दक्षिणोत्तर असा लांब पसरलेला आहे आणि त्याच्या दोन टोकांना पाऊस सारखा वागत नाही. अगदी दक्षिणेला कोरडे महिने दोन-तीनच असतात. उत्तरेला सरकावं तसे ते वाढत वाढत सात-आठ होतात. महाबळेश्वरला पाऊस अफाट पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. नाजूक लिव्हरवर्टला किती पाऊस पडला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. किती महिने कोरडं राहावं लागलं, यावर तिचं जगणं अवलंबून असतं. म्हणून दक्षिणेकडच्या डोंगरांत राहणारी एखादी जात इकडे असलीच, तर ती अशाच झिरपणाऱ्या घळीत लपून असणार, हा मॅडमचा अंदाज होता.

खडकावर ड्युमॉर्टिएरा होती, काळपट हिरवी, रुंद, पाण्याच्या तुषारांत भिजलेली. मार्कँशिया या दुसऱ्या लिव्हरवर्टसारखी दिसते, पण तिच्या पाठीवरची हवेची छिद्रं नाहीशी झालेली असतात. खोडांवर फ्रुलानिया, तांबूस तपकिरी, सालीवर नक्षी काढावी तशी. तिच्या प्रत्येक पानाच्या खाली शिरस्त्राणाच्या आकाराची एक पिशवी असते आणि तिच्यात पाणी साठतं. भिंगाखाली त्या पिशव्यांची रांग पाहिली की वेळ कसा जातो कळत नाही. मी एका जांभळाच्या खोडाशी पाऊण तास उभी होते.

मामा खाली ओढ्याच्या काठी बसून आमची वाट पाहत होते. त्यांनी अंजनीची एक फांदी हाताने खाली वाकवली होती. "ही पानं रोगट हायत नव्हं? दरसाल बघतो. हितंच होतंय, वरच्या रानात न्हाई."

पानांवर हिरवे-पांढुरके ठिपके होते. दुरून बुरशी वाटावी असे. मॅडमनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं.

तो रोग नव्हता. पानावर दुसरी पानं होती. एक मिलिमीटरहून कमी रुंदीचं झाड, धाग्यासारखं खोड, दोन्ही बाजूंना एकाआड एक बसलेली पानं, आणि प्रत्येक पानाची कड काचेसारखी पारदर्शक. अंजनीचं पान म्हणजे त्या झाडांचं सगळं रान. अशा पानांवर राहणाऱ्या लिव्हरवर्ट पानाला खात नाहीत, त्याला फक्त धरून राहतात. पान चिवट आणि दीर्घायुषी लागतं. दरवर्षी गळणाऱ्या पानावर वस्ती करायला त्यांना वेळच मिळत नाही. फांदीच्या शेंड्याकडचं कोवळं पान स्वच्छ होतं, त्याच्या मागच्यावर दोन-तीन ठिपके, आणि खोडाजवळचं सगळ्यांत जुनं पान जवळजवळ झाकलं गेलं होतं. एकाच फांदीवर वस्ती कशी वाढत जाते ते ओळीने लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं.

"कोलोलेज्युनिया," मॅडम म्हणाल्या. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ओळखणं सोपं होतं. ती ज्या लेज्युनियाच्या कुळातली, त्यातल्या बहुतेक जातींना खोडाच्या खालच्या बाजूलाही लहान पानांची तिसरी ओळ असते. कोलोलेज्युनियाला ती नसते. जात कोणती, हा खरा प्रश्न होता. मॅडमच्या आवाजात एक सावधपणा आला होता. इतक्या वर्षांच्या सहवासात तो मी दोनदाच ऐकला आहे.

चार पानं घेतली. मामांना विचारून त्यांच्या शब्दांतच पाकिटावर टिपण केलं: घळीतच होतं, वरच्या रानात नाही.

दिवस तिसरा

पाऊस. पहाटेपासून एकही खंड न पडता. बाहेर जाणं शक्यच नव्हतं, आणि मला वाटलं बरंच झालं, दिवसभर सूक्ष्मदर्शक मिळेल.

आदल्या रात्री मी एक चूक केली होती. हवेत इतका ओलावा होता की पाकिटं वाळत नव्हती. बुरशी धरेल या भीतीने मी ती सगळी टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली रचून ठेवली आणि झोपले. कोलोलेज्युनियाचं पाकीट त्यातच होतं. सकाळी पान कुरकुरीत झालं होतं.

वाळलेली लिव्हरवर्ट पाण्यात टाकली की पुन्हा फुलते, आकार परत येतो. त्यामुळे हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, शंभर वर्षांपूर्वीचा नमुनाही आज तपासता येतो. पण एक गोष्ट परत येत नाही: तैलपिंड. लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाने भरलेले, स्वतःचं पातळ आवरण असलेले पिंड असतात. एवढ्या बहुसंख्य जातींत ते असावेत, ही या गटाचीच खासियत आहे. वास, चव, किडींना दूर ठेवणं हे त्यांच्यातल्या द्रव्यांमुळे घडतं असं मानतात. काही जातींत एका पेशीत एकच मोठा पिंड, काहींत द्राक्षाच्या घोसासारखे दाणेदार, काहींत पाच-सहा लहान, चकचकीत. काही जातींच्या पानात ठरावीक पेशी अशा असतात की अख्खी पेशी एकाच तैलपिंडाने भरलेली असते, हिरवं काहीच नाही. त्या डोळ्यांसारख्या उठून दिसतात. हे सगळं फक्त जिवंत पेशीत पाहता येतं. कोलोलेज्युनियासारख्या नाजूक जातींत वाळता वाळताच पिंड फुटून विरतात. जुन्या काळच्या लेखकांनी वर्णनं लिहिली ती बहुतेक वाळलेल्या नमुन्यांवरून. म्हणून त्यांच्या वर्णनात तैलपिंडांचा उल्लेख सापडत नाही, आणि आपण तरी ताजे पाहून लिहून ठेवावेत अशी अपेक्षा असते.

मी पानाचा तुकडा भिजवला, काचपट्टीवर घेतला. कड स्पष्ट दिसत होती, पारदर्शक पेशींच्या दोन ओळी. पानाच्या बुडाशी एक-दोन पेशी मोठ्या वाटत होत्या, पण त्या रिकाम्या होत्या. तिथे डोळा होता की नुसतीच मोठी पेशी, हे सांगायला काही उरलं नव्हतं. आणि नेमका तोच मुद्दा किल्लीत पुढच्या पायरीवर विचारला होता.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "उद्या पाऊस उघडला तर परत जाऊ," म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

दिवसभर मग बोलणंच झालं. प्रा. शिवराम कश्यप यांच्याबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्या दिवशी मॅडमकडून ऐकलं ते वेगळंच उमटलं. लाहोरला शिकवणारा हा माणूस सुट्टी लागली की हिमालयात चालायला निघायचा. पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९२९ मध्ये आला, दुसरा १९३२ मध्ये, आणि १९३४ मध्ये ते गेले. भारतातल्या शेवाळींच्या अभ्यासाचा पाया त्यांच्या त्या चालण्यावर उभा आहे. लेज्युनिया या नावाची हकिगतही तेव्हाच कळली. १८२० मध्ये मारी-आन लिबेर या बाईंनी ते दिलं, लेज्यून नावाच्या डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. त्या काळात एक बाई एकटीने रानं पालथी घालून नव्या प्रजातीला नाव देत होती. मॅडम हे सांगताना खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या विद्यार्थिदशेत त्यांना रानात एकटं जायची परवानगी मिळत नसे, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

संध्याकाळी बाकीची पाकिटं पुन्हा लावली. या वेळी खिडकीपाशी, वाऱ्यावर, दिव्यापासून दूर.

दिवस चौथा

सहा वाजता पाऊस थांबला होता. सूक्ष्मदर्शक आणि त्याची बॅटरी पाठीवर बांधून घळीत उतरायचं ठरलं. मामांना ते वेडेपणाचं वाटलं असावं, पण त्यांनी पेटी स्वतःच्या पाठीवर घेतली आणि माझ्या हातात काठी दिली.

ओढा फुगला होता. परवाचा बसायचा दगड पाण्याखाली गेला होता, आणि अंजनीची ती फांदी अर्धी पाण्यात बुडून हेलकावे खात होती. मला धस्स झालं. पण लेज्युनियाच्या कुळाला पाणी झेपतं. पानावरची वस्ती होती तशीच होती. मामांनी वरच्या अंगाला तशीच आणखी तीन झाडं दाखवली. तिघांच्याही खालच्या फांद्यांवर ठिपके होते आणि माणसाच्या उंचीच्या वर एकही नाही. तुषार जिथवर उडतात तिथवरच वस्ती. मी प्रत्येक फांदीवरची ठिपक्यांची पानं मोजून वहीत लिहिली. पाकिटात घेतलेल्या नमुन्यापेक्षा पुढे कधीतरी हे आकडेच जास्त उपयोगी पडतील असं मला वाटतं.

एका सपाट दगडावर प्लास्टिक अंथरून सूक्ष्मदर्शक मांडला. मामांनी वरून छत्री धरली. पान तोडल्यापासून काचपट्टीवर येईपर्यंत पाच मिनिटंही गेली नसतील.

पेशी जिवंत होत्या. हरितलवकांच्या हिरव्या दाण्यांमध्ये लहान, किंचित करडे, दाणेदार तैलपिंड. आणि पानाच्या बुडाशी, कालच्या त्या रिकाम्या पेशींच्या जागी, एकाखाली एक दोन डोळे. हिरवं काही नाही, काठोकाठ भरलेला एकच पिंड, प्रकाश पडला की मेणासारखा चमकणारा. मी दहा पानं तपासली. नऊंमध्ये दोन, एकामध्ये तीन.

मॅडमनी पाहिलं, मग मामांना बोलावलं. मामांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "ह्यो रोगच न्हवं मग," ते म्हणाले. "हे तर आख्खं झाड हाय."

अजून एक गोष्ट हवी होती. मादी झाडाच्या टोकाला बीजाणूंच्या डबीभोवती एक पिशवी असते, पेरिअँथ म्हणतात तिला. तिला कंगोरे किती आणि ते गुळगुळीत की काटेरी, हे कळल्याशिवाय नाव ठरत नाही. दोन तास आम्ही पानामागून पान भिंगाखाली घेत होतो. बिनलैंगिक वाढीच्या चकत्या मुबलक होत्या. पानावरून सुटून शेजारी चिकटल्या की त्यांचंच नवं झाड होतं. पेरिअँथ मात्र दिसेना. अखेर चौथ्या अंजनीच्या जुन्या, कीड लागलेल्या पानावर तीन सापडल्या. पाच कंगोरे, वरच्या अंगाला बारीक दाते. मी चित्र काढलं. पेन्सिल ओली झाली होती आणि हात थरथरत होता, तरी ते चित्र या दौऱ्यातलं माझं सगळ्यांत चांगलं चित्र आहे.

नमुना म्हणून दोनच पानं घेतली. चार झाडांवरची वस्ती म्हणजे फार मोठी वस्ती नव्हे.

दिवस पाचवा

मामांच्या सांगण्यावरून कड्याखालच्या एका गुहेत गेलो. आत आठ-दहा पावलं गेल्यावर उजेड जवळजवळ संपतो, आणि तिथे मागची भिंत सोनेरी-हिरवी चमकत होती. सायाथोडियम. तिचं अंग कमालीचं पातळ असतं. बहुतेक ठिकाणी पेशींचे दोनच थर आणि मधे हवा. पेशी भिंगासारख्या फुगीर असल्याने गुहेत शिरणारा मिणमिणता उजेड आतल्या हरितलवकांवर एकवटतो, आणि उरलेला परावर्तित होऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. स्वतःचा प्रकाश तिला नाही. मी दोन पावलं बाजूला सरकले तर भिंत विझली. परत जागेवर आले तर पुन्हा पेटली.

ही जात या डोंगरांतून पूर्वीच नोंदलेली आहे. आमच्या यादीत तिची एक ओळ वाढली, इतकंच. तरी त्या सहा दिवसांतलं सगळ्यांत सुंदर काय पाहिलं असं कोणी विचारलं तर मी हीच भिंत सांगेन. आम्ही तिघंही तिथे बराच वेळ न बोलता उभे होतो.

दिवस सहावा

आवराआवर. त्र्याण्णव पाकिटं, दोन वह्या, चित्रांची एक जाड चळत. मामांनी निरोप घेताना विचारलं, "मग त्याचं नाव काय?" मॅडम म्हणाल्या, "अजून ठरायचंय. ठरलं की पहिल्यांदा तुम्हाला कळवू."

नंतर

रानात सापडणं ही निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी टेबलावर होते आणि ती फार हळू होते. आधी या मुलखातल्या जुन्या याद्या एकेक करून पाहिल्या, कारण तीच जात पूर्वी दुसऱ्या नावाने नोंदली गेली असण्याची शक्यता नेहमीच असते. फ्रान्झ स्टेफानी या जर्मन अभ्यासकाने एकट्याने हजारो जातींची वर्णनं लिहिली. त्यातली कितीतरी नावं पुढे एकाच जातीची निघाली आणि विलीन करावी लागली. त्याचा संग्रह जिनिव्हाला आहे. तिथल्या मूळ नमुन्यांची चित्रं आणि आमची चित्रं आम्ही शेजारी शेजारी ठेवली. दक्षिणेकडच्या डोंगरांतले वाळलेले नमुने हर्बेरियमकडून मागवून भिजवले. कड जुळली. पेरिअँथचे दाते जुळले. डोळ्यांची जागाही जुळली, पण त्या नमुन्यांत त्या पेशी रिकाम्या होत्या, माझ्या दिव्याखालच्या पानासारख्याच.

जानेवारीत दुसऱ्या तज्ज्ञाचंही मत आलं: जात दक्षिणेकडून माहीत असलेली, आणि या भागातून तिची आधी नोंद नाही. निबंध छापून येईपर्यंत नाव लिहायचं नाही असा आमचा शिरस्ता आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. घळीचा ठावठिकाणा तर छापल्यावरही मोघमच ठेवू. चार झाडं आहेत, आणि बघायला येणाऱ्यांचे पाय घसरले की आधार म्हणून हात फांदीवरच जातो.

पाकिटावरच्या चिठ्ठीत संग्राहक म्हणून तीन नावं आहेत. तिसरं मामांचं. मॅडमचा तसा आग्रह होता आणि मला तो शंभर टक्के पटला.

मामांना फोन केला तेव्हा त्यांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्या वेळी बरोबर आलं. मग म्हणाले, "ताई, पल्याडच्या घळीतबी तसलीच पानं हायत. दिवाळीच्या सुमाराला बघितली. पण कड काचंवानी दिसत न्हाई, जरा येगळीच वाटत्यात." मी विचारलं, "मामा, तिथे उन्हाळ्यात पाणी असतं का?" "मार्चपातूर असतं," ते म्हणाले. "तेवढ्यात या."